रिंगचे पैसे कोण देणार?

घरखर्चाची वही कुणाच्याही घरातली उघडून बघा. दूध, पेपर, लाइट बिल, मुलांच्या क्लासची फी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, नवऱ्याचा नवा चष्मा, गणपतीची वर्गणी... सगळ्याला रकाना असतो. घरातल्या बाईच्या स्वतःच्या दुखण्याला मात्र रकाना नसतो. ते 'किरकोळ'मध्ये जातं. आणि दुखणं चारचौघांत नावच घेता येणार नाही असं असेल, तर ते 'किरकोळ'मध्येही जात नाही. ते अंगावरच काढलं जातं.

मैत्रिणींनो, आज अशाच एका दुखण्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या पैशांबद्दल बोलायचं आहे. कुणी त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतं, कुणी 'मायांग', कुणी 'पिशवी खाली उतरली' म्हणतं. डॉक्टर त्याला प्रोलॅप्स म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू एक झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग त्या झोळीवर टेकलेला असतो. बाळंतपणांनी, जड ओझ्यांनी, वर्षानुवर्षांच्या खोकल्याने किंवा बद्धकोष्ठतेने ही झोळी सैल पडते. पाळी गेल्यावर तिची ताकद आणखी कमी होते. मग वरचं खाली सरकतं. संध्याकाळी ओटीपोट जड वाटतं, कंबर भरून येते, खाली काहीतरी बोरासारखं, पुढे लिंबासारखं हाताला लागतं. लघवी पूर्ण होत नाही, नाहीतर खोकताना-शिंकताना नकळत होऊन जाते.

आपल्या गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या पिढीने हे दुखणं किती सोसलं असेल याची कल्पनाच करावी. पहाटे नळाला पाणी आलं की हंडे-कळशा भरून तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या. बाळंतपणाचा सव्वा महिना संपायच्या आत पाट्यावर वाटण. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचं नको म्हणून पाणीच कमी प्यायचं, आणि मग कुंथत बसायचं. हे सगळं त्या झोळीवरच येत होतं. पण बोलणार कोण?

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं आढळलं, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. शहरात हॉस्पिटलं जवळ आहेत, एवढाच काय तो फरक. लाज सगळीकडे सारखीच.

आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिरांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बाया येतात बीपी-शुगर तपासायला. सगळं झालं की चपला घालताना हळूच मागे वळतात. "ताई, एक विचारायचं होतं..." लालबागच्या एक मावशी अशाच मागे राहिल्या. साठी उलटलेली. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, हळदीकुंकवाला जात नाही. गावी जायचं तर रात्रभर एसटीत बसवत नाही. घरी सांगितलंय, गुडघे दुखतात." गुडघे बिचारे ठणठणीत होते!

त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून दोन रस्ते सांगितले. ऑपरेशन करता येईल, किंवा रिंग बसवता येईल.

ही रिंग म्हणजे पेसरी. बांगडीसारखी गोल, लवचिक चकती. योनीमार्गात बसवली की खाली सरकलेल्या अवयवांना आतून टेकू मिळतो. कल्पना फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धं डाळिंब वापरायला सांगत! पुढे रबर आलं, आता पीव्हीसीच्या आणि सिलिकॉनच्या रिंगा मिळतात. माप मिलिमीटरमध्ये असतं आणि ते डॉक्टरांनीच तपासून ठरवायचं असतं. पहिलं माप बसेलच असं नाही; निसटली तर मोठं, टोचली तर लहान. नीट बसलेली रिंग जाणवतसुद्धा नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून ती स्वच्छ करायची. अनेकजणी ती स्वतः काढून-घालून धुवायला शिकतात. पाळी गेलेल्या बायकांना आतली त्वचा कोरडी पडू नये म्हणून डॉक्टर हार्मोनचं क्रीम देतात. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही, ज्यांना अजून मूल हवं आहे, किंवा ज्यांना सध्या ऑपरेशन नकोच आहे, त्या सगळ्यांसाठी ही सोय आहे. मात्र रिंग बसवून विसरून जाणं धोक्याचं. वर्षानुवर्षं तशीच राहिली तर आत जखम होते.

ऑपरेशनच्या बाबतीत तर आपली मुंबई जगाला शिकवणारी. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९-१९७१) यांचं नाव गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या 'शिरोडकर टाक्या'मुळे जगभर झालं. पण अंग बाहेर येण्यावर त्यांनी बसवलेली ऑपरेशनची पद्धतही पाठ्यपुस्तकांत आहे. मुंबईचेच डॉ. व्ही. एन. पुरंदरे यांच्या नावाचीही अशीच एक पद्धत आहे. दोघांचा विचार एकच. तरुण बाईची पिशवी काढून टाकायची नाही, शरीरातल्याच मजबूत पापुद्र्याच्या पट्टीने ती वर उचलून बांधायची. म्हणजे आपल्या डॉक्टरांना हे दुखणं किती सार्वत्रिक आहे ते तेव्हाच कळलं होतं. अवयव वाचवायला हवा, हेही कळलं होतं. कळलं नाही ते घराला, आणि पैशांचा हिशोब ठेवणाऱ्यांना.

आता मावशींकडे परत येऊ. त्यांनी रिंग निवडली. आणि पहिला प्रश्न विचारला, "पैसे किती? आणि मुलाकडे मागू कशाचे म्हणून?"

हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मावशींनी शेवटी "कंबरेचा पट्टा घ्यायचाय" असं सांगून पैसे घेतले. मुलगा चांगला आहे हो. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. पण पट्टा एकदाच घेतात. रिंगचं तसं नाही. साधी रिंग स्वस्त असते, सिलिकॉनची तिच्या कितीतरी पट महाग. ती बसवण्याची फी, पहिलं माप चुकलं तर दुसरी रिंग, क्रीमची ट्यूब, वर्षातून तीन-चार फेऱ्या, टॅक्सीचं भाडं. जी बाई डबे करते किंवा दादरला फुलं विकते, तिचा प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो. रकमा लहान लहान, पण सतत लागणाऱ्या. दर वेळी कुठला पट्टा सांगणार?

मग मेडिक्लेम कशासाठी आहे, असं तुम्ही म्हणाल. तीच तर गंमत आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. रिंग बसते बाह्यरुग्ण विभागात, दहा-पंधरा मिनिटांत. भरती नाही, म्हणून क्लेम नाही. पॉलिसीत ओपीडीचा वेगळा लाभ घेतला असेल तरच काही मिळण्याची शक्यता. भरती झाल्यावरही ज्या वस्तूंचे पैसे सर्वसाधारणपणे मिळत नाहीत त्यांची एक लांबलचक यादी विमा क्षेत्रात आहे. तिच्यात कमरेचे पट्टे आहेत आणि सॅनिटरी पॅडही आहेत. उलट पिशवी काढून टाकायची म्हटलं, तर ठरावीक वर्षं थांबल्यावर, बहुतेक पॉलिसींत साधारण दोन वर्षांनी, विमा कंपनी मोठी रक्कमही देते. सरकारी योजनेचंही तेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण तिचाही भर भरती करून करायच्या उपचारांवर.

म्हणजे बघा, मोठं ऑपरेशन केलंत तर कुणीतरी पैसे देईल, लहान टेकू घेतलात तर तुमचे तुम्ही भरा! बाईने काय निवडावं हे अशा वेळी डॉक्टर ठरवत नाहीत, तिचं मन ठरवत नाही, हिशोब ठरवतो. ऑपरेशन वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. कित्येकींना ते लागतंच, आणि त्यांचं आयुष्य त्याने सुधारतं. पण दुसरा रस्ता आहे हे तिला कळायला हवं, आणि तो परवडायलाही हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तेरा हजारांहून अधिक बायकांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. तिथली कारणं वेगळी होती, खाडा पडला की कापली जाणारी मजुरी हे त्यातलं मोठं. पण धडा एकच. लहान उपचाराला वेळ आणि पैसा मिळाला नाही, की बाई पिशवीच काढायला निघते.

पूर्वी गिरणगावात याला एक चांगलं उत्तर होतं, त्याची आठवण हवी. कामगार राज्य विमा योजना, म्हणजे आपली ईएसआय, मुंबईत १९५४मध्ये सुरू झाली. गिरणी कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी कापली जायची, मालकाची त्यात भर पडायची आणि ईएसआयचं कार्ड मिळायचं. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेचं. तिथे भरती होण्याची अट नव्हती. दवाखान्यातली साधी तपासणी आणि औषधंही योजनेतच. पुढे बायकामुलांनाही त्याचा लाभ मिळाला. पण कार्ड नवऱ्याच्या नावाचं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि नोकरीबरोबर कार्डही गेलं.

आणि ज्या बायका याच गिरणगावात खाणावळी चालवत होत्या त्यांचं काय? दिवसाला पन्नास-पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, मोठाली पातेली उचलायची, पण कामगार म्हणून त्यांची नोंद कुठेच नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांना स्वतःचं नाव दिलं. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. खाणावळवालीच्या कष्टाला कर्ज मिळू शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. तिच्या शरीराच्या झिजेचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न मात्र आपण अजून सोडवलेला नाही.

ईएसआय आजही आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती २०१७पासून लागू आहे, आणि जुलै २०१९पासून कामगाराच्या पगारातून केवळ पाऊण टक्का कापला जातो. मॉलमध्ये, छोट्या कंपनीत काम करणाऱ्या कितीतरी मुलींच्या पगारपत्रकावर ही कपात दिसते, पण कार्ड काढलंय का विचारलं तर त्या खांदे उडवतात. अगं, तुझ्याबरोबर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईचंही नाव त्यात लागू शकतं, जरा चौकशी कर!

नोकरदार मध्यमवर्गासाठीही एक छोटी खिडकी होती. डॉक्टरची, औषधांची बिलं ऑफिसात दिली की वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंतची परतफेड करमुक्त मिळायची. दादर, गिरगावातल्या किती घरांत मार्च महिन्यात औषधांची बिलं गोळा करायची धांदल उडायची, आठवतंय ना? त्यात बायकोची बिलं चालत, अवलंबून असलेल्या आईचीही. २०१८च्या अर्थसंकल्पाने ती सोय बंद केली आणि त्याऐवजी सरसकट प्रमाणित वजावट आणली. हिशोबाला सोपं झालं खरं. पण 'आईचं औषधाचं बिल दे गं' असं विचारायचं निमित्त गेलं.

अमेरिकेत काय करतात, हे मला न्यू जर्सीतल्या एका भाचीमुळे समजलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हाच त्रास सुरू झाला. तिथे पगारातून, कर कापला जाण्याआधीच, थोडी रक्कम आरोग्यासाठी बाजूला ठेवता येते. एका प्रकारच्या खात्यातले पैसे सहसा वर्षभरात वापरावे लागतात, नाहीतर बरेचसे बुडतात. दुसऱ्या प्रकारचं खातं कायम तुमच्याच नावावर राहतं, पण त्यासाठी ठरावीक प्रकारचा विमा असावा लागतो. या पैशांतून चष्मा घ्या, दात बसवा, डॉक्टरांनी सांगितलेली पेसरी घ्या. २०२०पासून सॅनिटरी पॅडचाही त्यात समावेश झाला. भाची म्हणाली, "मावशी, मी कार्ड दिलं, रिंग घेतली, बिल जपून ठेवलं. नवऱ्याला नंतर सांगितलं."

तिथलं सगळंच गोड आहे असं नाही. तिथला उपचार भयंकर महाग. शिवाय कर वाचतो तो पगार आणि कर असणाऱ्यालाच. घरी बसलेल्या बाईला तिथेही नवऱ्याच्याच खात्यावर अवलंबून राहावं लागतं. मग मला त्यातलं काय आवडलं? तिथे या वस्तूचा खर्च औषधोपचारात धरला जातो. कुणी तिला 'किरकोळ' म्हणत नाही. आणि पैसे आधीच बाजूला ठेवलेले असल्यामुळे गरज पडल्यावर कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

आपल्याकडे आज काय करता येईल? पहिली गोष्ट, लाज सोडून तपासणी. परळला केईएम आहे, वाडियांचं प्रसूतिगृह आहे. दोन्ही १९२६पासून बायकांच्या तीन-चार पिढ्या पाहत आली आहेत. तुमचं दुखणं तिथल्या डॉक्टरांना मुळीच नवं नाही. "रिंग बसवता येईल का?" असं आपण होऊन विचारा. सुरुवातीचा त्रास असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. लघवी रोखून धरताना जसे स्नायू आवळतो तसे आवळायचे आणि सोडायचे, भाजी निवडतानाही करता येतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागलं, रिंग असताना घाण वासाचं पाणी जायला लागलं किंवा लघवीच अडली, तर मात्र एक दिवससुद्धा थांबू नका.

दुसरी गोष्ट, कागद. रिंग घेताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचं पक्कं बिल घ्या. आई-वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर मुलाला किंवा मुलीला वर्षाला ५० हजारांपर्यंत करसवलत मिळू शकते. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातलं हे ८०डी कलम. २०२५च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलला तरी सवलत ठेवलेली आहे. अटी दोन. कर जुन्या पद्धतीने भरलेला हवा, आणि पैसे रोख दिलेले नकोत. चेकने, कार्डाने किंवा फोनवरून द्या. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या. सासूबाईंची बिलं अशी फाइलला लागली, की निदान त्या निमित्ताने घरात त्या दुखण्याचं नाव तरी घेतलं जाईल. विम्याचं नूतनीकरण करताना ओपीडीचा लाभ किती, त्यात कुठल्या वस्तू बसतात, हे एजंटला लेखी विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली, आणि मला सगळ्यात जवळची. ज्यांना पगार नाही, कर नाही, कार्ड नाही, त्यांच्याकडे काय आहे? भिशी आहे! आपल्या प्रत्येक चाळीत, सोसायटीत, भजनी मंडळात भिशी चालते. त्यातून मिक्सर येतो, सोन्याचं नाणं येतं, महाबळेश्वरची सहल होते. मग त्याच भिशीला जोडून महिन्याला पन्नास-शंभर रुपयांचा आरोग्याचा डबा का नको? नियम एकच ठेवायचा, जिला लागतील तिने घ्यायचे, आणि कशासाठी हे फक्त डबा सांभाळणारीला सांगायचं. आमच्या मंडळात दोन वर्षांपूर्वी पंधराजणींनी सुरुवात केली. पहिल्या वर्षात त्यातून दोघींचे चष्मे झाले, एकीची सोनोग्राफी झाली, आणि दोन रिंगा झाल्या. मावशींची दुसरी रिंग त्यातलीच. त्यांनी पैसे घेताना कुठलाही पट्टा सांगितला नाही.

सरकारने आणि विमा कंपन्यांनी बाह्यरुग्ण उपचारांचा विचार करायला हवाच, आणि रिंगसारख्या साध्या वस्तूचं नाव त्यांच्या यादीत यायला हवंच. ते मागत राहू. पण तोवर या महिन्याची भिशी जिच्या घरी असेल तिने चहा-पोहे झाल्यावर विषय तेवढा काढावा. पाच मिनिटं शांतता पसरेल. मग कुणीतरी म्हणेल, "अगं, माझंही तसंच होतंय."